मालकाला काय विकता येऊ नये

७ मे २०१२ ला इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न शहरात, इवूड पार्क स्टेडियमवर चालू सामन्यात कुणीतरी मैदानात एक कोंबडी सोडली. कोंबडीच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला. त्या दिवशी विगनने ब्लॅकबर्न रोव्हर्सला १-० ने हरवलं आणि सलग अकरा हंगाम प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या श्रेणीत, टिकलेला हा क्लब खालच्या श्रेणीत गेला. कोंबडीच का, हे मराठी माणसाला फोड करून सांगायला नको. क्लबचे मालक पुण्याचे, व्यंकीज. आपण ज्यांचं नाव चिकनच्या पाकिटावर वाचतो, त्यांच्या नावानं तिकडे लँकेशायर परगण्यात हजारो लोक ‘आऊट, आऊट’ म्हणून बोंब मारत होते. ती बोंब आजही थांबलेली नाही.

सोलापूरकराला ही बातमी इतरांपेक्षा जरा जास्त जवळची वाटायला हवी. ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. सूत, माग, गिरण्या, आणि मग एकामागून एक बंद पडलेल्या गिरण्या. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेनला गेले आणि तिथल्या गिरणी कामगारांना भेटले, कारण आपल्या विलायती कापडाच्या बहिष्काराची झळ त्यांच्याच चुलींना बसली होती. आमच्याकडे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. असल्या गावात गिरणी गेली की शनिवारी दुपारी एकत्र यायला एक मैदान तेवढं उरतं. ब्लॅकबर्नला ते उरलं. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांपैकी हा एक. १९९५ ला तो प्रीमियर लीग जिंकला, तेव्हा मालक होते जॅक वॉकर. गावातच जन्मलेले, पोलादाच्या धंद्यात पैसा केलेले.

नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब व्यंकीजकडे आला. महिनाभरात सॅम अलार्डाइस या मुरलेल्या प्रशिक्षकाला नारळ मिळाला. संघ तेव्हा गुणतक्त्यात मधोमध होता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, ज्यांनी तोवर कुठल्याच संघाचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेलं नव्हतं. रोव्हर्सचे खेळाडू चिकनच्या जाहिरातीत तंगड्या खाताना दिसले. दीड वर्षात श्रेणी गेली. २०१७ ला संघ आणखी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात परत वर आला.

इथं थांबून मालकांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. व्यंकीजनं क्लब लुटला, असं म्हणता येत नाही. उलट वर्षानुवर्षांचा तोटा पुण्यातून भरला गेला. पुढे ईडीची चौकशी लागली, क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घेण्याची पाळी आली, आणि ब्लॅकबर्नचा चाहता गुणतक्त्याबरोबर आपल्या कोर्टाच्या तारखाही बघायला शिकला. २०२४-२५ च्या हंगामात संघ पाचव्या क्रमांकावर, म्हणजे वर जाण्याच्या शर्यतीत असताना, फेब्रुवारीत प्रशिक्षक जॉन यूस्टेस क्लब सोडून डर्बी या दुसऱ्या क्लबाकडे गेले. डर्बी तेव्हा श्रेणी गमावण्याच्या धोक्यात होतं. चढणारा माणूस बुडणाऱ्या बोटीत उडी मारतो, तेव्हा तो कशाला कंटाळला असेल याचा अंदाज चाहत्यांनी बांधला. रोव्हर्स सातवे आले, वर जाण्याची संधी थोडक्यात हुकली. मालक सामन्याला फिरकत नाहीत, चाहत्यांशी बोलत नाहीत. पैसे भरणारा पण तोंड न दाखवणारा मालक, ही त्यांची तक्रार आहे, आणि ‘पैसे तर देतोय ना’ हे तिचं उत्तर नव्हे.

आता आपल्या गावात येऊ. सोलापूर फुटबॉलचं गाव नाही. क्रिकेट, कुस्ती, कबड्डी, खो-खो, मग उरला वेळ तर फुटबॉल. पण डेटा स्वस्त झाल्यापासून चित्र पालटलं. विजापूर रोडच्या, होटगी रोडच्या होस्टेलांत पोरं रात्री साडेबाराला चादरीत मोबाईल धरून सामना बघतात. नव्या पेठेतल्या दुकानात मँचेस्टर युनायटेडची लाल जर्सी, अर्थातच नक्कल, सदैव टांगलेली असते. आणि सकाळी कॉलेजच्या कट्ट्यावर ‘का बे, ह्या मालकाला लाज हाय का नाही’ हे वाक्य ऐकू येतं. मालक म्हणजे अमेरिकेतलं ग्लेझर कुटुंब. त्यांना बघितलेलं कुणी नाही, पण शिव्या अस्सल सोलापुरी.

या शिव्यांना आधार आहे. २००५ साली माल्कम ग्लेझर यांनी युनायटेड विकत घेतला, सुमारे ७९ कोटी पौंडांना. त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज बरंचसं क्लबच्याच खात्यावर टाकलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे आपण विकले गेलो, त्या विक्रीचं व्याज आपणच भरायचं, असा हा व्यवहार. वीस वर्षं तिकिटातून, जर्सीतून, प्रक्षेपणाच्या हक्कातून आलेला पैसा या व्याजाकडे वळत राहिला. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्शाहून थोडा जास्त वाटा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला, तेव्हा पोरांनी स्टेटस टाकले. पुढच्या हंगामात काय झालं? ऑक्टोबरात प्रशिक्षक टेन हाग गेले, नोव्हेंबरात रुबेन अमोरिम आले, संघ लीगमध्ये पंधरावा आला आणि युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून १-० ने हरला. खर्चकपातीत शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. कर्मचाऱ्यांचं फुकटचं दुपारचं जेवण बंद झालं. आणि हंगाम मध्यावर असतानाच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला गेला, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही त्यात सवलत नव्हती.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. त्या हंगामात मी आमच्या पोरांना पंधराव्या क्रमांकावर कळवळताना पाहिलं. ६६ पौंडांवर कुणी बोललं नाही. जेवण बंद झालेल्या कर्मचाऱ्यांवर तर नाहीच. मँचेस्टरच्या रस्त्यावर मात्र ६६ पौंडांसाठी फलक निघाले. दोघांच्याही घोषणेत मालकाचं नाव एकच, पण राग वेगवेगळा. एक राग हरण्याचा आहे, दुसरा हक्क गेल्याचा आहे. आणि मालकाच्या सोयीचा कुठला, ते उघड आहे. हरण्याचा राग एका महागड्या खेळाडूत विकत घेता येतो.

पुरावा हवा असेल तर मागे जा. २००५ ते २०१३ या काळात युनायटेडनं पाच वेळा लीग जिंकली, २००८ ला चॅम्पियन्स लीग जिंकली. कर्ज तेव्हाही होतं, व्याजही होतं. तेव्हा जगभरातल्या चाहत्यांपैकी किती जण ग्लेझरांवर बोलत होते? मँचेस्टरमधले बोलत होते. २००५ लाच काहींनी वैतागून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा सभासदांच्या मालकीचा वेगळा क्लब काढला. २०१० ला स्टेडियममध्ये हिरव्या-सोनेरी मफलरी दिसू लागल्या. ते क्लबचे मूळचे, न्यूटन हीथ या जुन्या नावाच्या काळातले रंग. म्हणजे संघ जिंकत असताना हे लोक रागावलेले होते. अशा रागाला मालक घाबरतो, कारण तो निकालानं शांत होत नाही.

उलट बाजूही बघा. न्यूकॅसलच्या चाहत्यांनी मालक माइक ॲशली यांना वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, आणि ॲशलींनी शिव्या खाण्यासारखं केलंही होतं. २०११ ला त्यांनी सेंट जेम्स पार्क या क्लबच्या मैदानाला स्वतःच्या दुकानसाखळीचं नाव दिलं. २०२१ च्या ऑक्टोबरात सौदी अरेबियाच्या सरकारी निधीनं आघाडी करून क्लब घेतला, तर लोक रस्त्यावर नाचले. एका दुकानदाराच्या जागी एक अख्खं राजघराणं आलं. त्या राज्यात माणसाचे काय हाल आहेत, हा प्रश्न तिथं मूठभरांनी विचारला. चेल्सीत रशियन अब्जाधीश मालक रोमन अब्रामोविच यांच्या काळात चषकांमागून चषक आले, तेव्हा पैसा कुठून येतो हे विचारणारा अरसिक ठरत होता. २०२२ ला युक्रेन युद्ध पेटलं, निर्बंध आले, आणि रातोरात क्लबला तिकीट विकण्याचीही सोय उरली नाही. नावडता मालक आणि लाडका मालक यांच्यात बरेचदा फरक एका चषकाचा असतो. ‘मालक हटाव’ची घोषणा देणाऱ्यानं हा फरक आधी स्वतःच्या मनात तपासावा.

आपण लांबचे चाहते, म्हणून आपल्यावर यात एक जास्तीची जबाबदारी येते असं मला वाटतं. मालकाच्या हिशेबात आपण आहोत. मँचेस्टरमधला म्हातारा स्टेडियममध्ये एक खुर्ची अडवतो. सोलापुरातला पोरगा प्रक्षेपणाच्या हक्काची किंमत वाढवतो. १८ एप्रिल २०२१ ला बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली. बड्यांनी आपापसात खेळायचं, श्रेणी गमावण्याची भीती नाही, दर आठवड्याला मोठी नावं समोरासमोर. हे कुणासाठी? जगभरातल्या नव्या प्रेक्षकांसाठी, असं सांगितलं गेलं. म्हणजे आमच्या नावावर, आम्हाला न विचारता. त्या योजनेला पाडलं मात्र तिथल्या गल्लीतल्या लोकांनी. २० एप्रिलला चेल्सीच्या चाहत्यांनी स्टॅमफर्ड ब्रिज या आपल्या मैदानाबाहेर रस्ता अडवला, संघाची बस अडकली, जुना गोलरक्षक पेत्र चेक त्यांना समजवायला रस्त्यावर उतरला. त्याच रात्री सहाही इंग्लिश क्लबांनी माघारीची वाट धरली. पंधरवड्यानं, २ मे ला, युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्ड या आपल्याच मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. आमच्याकडे त्या रात्री काहींची तक्रार होती की सामना बघायला जागलो आणि सामनाच नाही.

मग उपाय काय? हा प्रश्न आला की जर्मनीचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. तिथं १९९८ पासून एक नियम आहे: क्लबच्या व्यावसायिक कंपनीत निम्मी अधिक एक मतं सभासदांच्या संस्थेकडे राहिली पाहिजेत. पैसेवाला पैसे घालू शकतो, पण मताधिक्य विकत घेऊ शकत नाही. पळवाटा आहेत. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबर्ग यांना कंपन्यांशी असलेल्या जुन्या नात्यामुळे सवलत मिळाली, आणि लाइपझिगनं मत असलेले सभासदच मोजके ठेवून नियम कागदावर पाळला. तरी नियमाला दात आहेत. २०२४ च्या सुरुवातीला जर्मन लीगनं प्रक्षेपण हक्काच्या व्यवसायात बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं. चाहत्यांनी आठवड्यामागून आठवडे मैदानात टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकली, सामने थांबले. फेब्रुवारीत लीगनं व्यवहार गुंडाळला. तो राग जिंकण्या-हरण्याचा नव्हता, कारण दोन्ही संघांचे चाहते एकाच वेळी चेंडू फेकत होते.

पण ‘सभासदांच्या हाती मत द्या, सगळं सुटेल’ असं कुणी सांगू लागलं की सोलापूर जिल्ह्यातला माणूस जरा गालात हसतो. मत आमच्याकडे कधीचं आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानं एक सभासद एक मत दिलं, शेअर एक असो की शंभर. या जिल्ह्याएवढे साखर कारखाने बघितलेला चाहता जर्मनीतही मिळायचा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा म्हणजे काय हे आम्हाला पाठ आहे. सप्टेंबरात अहवालाची जाड पुस्तिका घरी येते. पहिल्या पानांवर फोटो, मध्ये मनोगत, ताळेबंद शेवटी बारीक टायपात. ठरल्या वेळी कोरम भरत नाही. सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं त्याच मांडवात पुन्हा भरते, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. विषय क्रमांक एक वाचून पुरा होण्याआधी पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ येतं. मागून कुणी कर्जाचं विचारायला उठला तर माइक त्याच्यापर्यंत पोचत नाही. पोचलाच तर ‘तुमचा प्रश्न लेखी द्या’. मग आयत्या वेळचे विषय, राष्ट्रगीत, जेवण. सवलतीच्या साखरेचं कार्ड खिशात असतं, ते शाबूत आहे ना एवढं चाचपून माणूस घरी येतो.

अशा किती कारखान्यांवर कर्ज चढलं, थकलं, बँकेनं ताबा घेतला, लिलाव झाला आणि खासगी मालक आला, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हा सभासद म्हणाले, आम्हाला विचारलंच नाही. विचारलं होतं. विषयपत्रिकेवर कर्जाचा ठराव होता, आणि तो आमच्याच तोंडानं मंजूर झाला होता.

बार्सिलोनाची गोष्ट याच जातीची आहे. तो क्लब कुणा शेठचा नाही, एक लाखाहून जास्त सभासदांचा आहे. अध्यक्ष सभासद निवडतात. तरीही कर्ज एक अब्ज युरोंच्या पलीकडे गेलं आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सीला ठेवणंही परवडलं नाही. तो रडत निघून गेला, जगानं पाहिलं. मत असलेल्या सभासदांना निवडणुकीत कुणी काय विकलं होतं? नवा खेळाडू, नवा चषक. ताळेबंदावर निवडणूक जिंकलेला अध्यक्ष मला तरी माहीत नाही.

म्हणून मी मालकीच्या प्रश्नाकडे जरा तिरकं बघतो. मालक चांगला हवा, स्थानिक हवा, सभासदच मालक हवेत, या सगळ्या मागण्या ‘कोण’ याभोवती फिरतात. त्याऐवजी ‘काय’ विचारावं. मालक कुणीही असो, त्याला कशाला हात लावता येऊ नये? माझी यादी छोटी आहे. क्लबचं नाव. रंग. मैदान. गाव. आणि क्लबची तिजोरी, म्हणजे क्लब विकत घेण्यासाठी काढलेलं कर्ज तिच्या मानेवर टाकता येऊ नये. खेळाडू कुठला घ्यायचा, प्रशिक्षक कोण, यात मालकानं खुशाल चुका कराव्यात, त्याचा पैसा आहे. त्यावर शिव्या घालणं हा आपला छंद आहे, त्याला कायदा नको.

या यादीतली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी विकायला काढलेली आहे. कार्डिफ सिटीचा रंग पिढ्यानपिढ्या निळा. २०१२ ला मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तो लाल केला. संघ प्रीमियर लीगमध्ये गेलासुद्धा, तरी लोक लाल रंगाला सरावले नाहीत, आणि २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. हल सिटीचं नाव बदलून ‘हल टायगर्स’ करायचं मालकानं ठरवलं होतं. तिथं २०१४ ला फुटबॉल संघटनेनं नकार दिला, म्हणून वाचलं. लंडनच्या विम्बल्डन क्लबचं तर गावच गेलं. २००२ ला क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला, तळाच्या श्रेण्यांतून चढत चढत नऊ वर्षांत व्यावसायिक लीग गाठली, आणि २०२० ला प्लाऊ लेनला, आपल्या जुन्या भागात, परतले. आणि बरी या गावाची गोष्ट. १८८५ चा क्लब, २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगमधून हाकलला गेला, कारण एक पौंडात क्लब घेणाऱ्या मालकाला तो चालवायला पैसा आहे हे सिद्ध करता आलं नाही.

बरीनंतर आणि सुपर लीगनंतर इंग्लंडमध्ये हालचाल झाली. खासदार ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखाली चाहत्यांच्या बाजूनं आढावा घेतला गेला, आणि २०२५ च्या जुलैमध्ये फुटबॉल नियमनाचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला. मैदान विकायचं किंवा सोडायचं तर त्याची परवानगी, क्लब घेणाऱ्याचा पैसा आणि पार्श्वभूमी यांची तपासणी, बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा कौल. कौल तिथल्या चाहत्यांचा, आपला नव्हे. मला हे रास्त वाटतं. बाजारावर श्रद्धा असलेल्या देशानं हे केलं, हे विशेष.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: इतकी बंधनं घातली तर पैसा कोण घालील? जर्मनीत पैसा येतोय, आणि प्रेक्षकांच्या सरासरीत जर्मन लीग जगात आघाडीच्या लीगांत आहे. हो, तिथं बायर्न सलग अकरा वेळा जिंकला आणि लीग कंटाळवाणी झाली, हे मान्य. ती मालिका तोडली लेव्हरकुसेननं, म्हणजे सवलतवाल्यानं, हेही मान्य. नियमानं चुरस आणली नाही. पण गाव हलवलं नाही, आणि उभ्यानं सामना बघणाऱ्याचं तिकीटही आटोक्यात राहिलं.

दुसरा मार्ग बहिष्काराचा. ब्लॅकपूलच्या लोकांनी ऑयस्टन कुटुंबाविरुद्ध कित्येक वर्षं तो पाळला, स्वतःच्या संघाचे सामने बघणं सोडलं. सोपं नाही ते. वारकऱ्यानं आषाढी चुकवण्यासारखं आहे. पण शेवटी मालक गेले ते कोर्टामुळे: २०१७ ला उच्च न्यायालयानं मालकांनी क्लबमधून गैरमार्गानं पैसा काढल्याचं म्हटलं, तेही एका भागीदारानं खटला चालवला म्हणून, आणि २०१९ ला क्लबवर प्रशासक आला. बहिष्कारानं मालकाची लाज काढली, खुर्ची काढली ती न्यायाधीशानं. म्हणून कायदा हातात असणं महत्त्वाचं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे असला कायदा नाही, असली चर्चाही नाही. २९ जुलै १९११ ला ब्रिटिशांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकणारा मोहन बागान आपल्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आहे. २०२० ला त्याच्या नावापुढे मालकाच्या दुसऱ्या संघाचं ‘एटीके’ चिकटलं. चाहते तीन वर्षं ‘एटीके काढा’ म्हणत राहिले. २०२३ च्या मार्चमध्ये संघ आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, जिंकला आणि त्याच रात्री मालकांनी ते काढल्याचं जाहीर केलं. काढलं, पण जागी ‘सुपर जायंट’ आलं. म्हणजे आडनाव गेलं, दुसरं आडनाव आलं. शंभराहून जास्त वर्षांच्या क्लबची ही गत, तर कालच्या संघाला कोण विचारतो?

कालचा संघ आपल्याच रस्त्यावरून गेला. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद पडला आणि त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला मिळाली. पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर मध्ये आमचं गाव लागतं. बालेवाडीला सामने बघायला जाणारी सोलापूरची पोरं होती, त्यांचा संघ त्यांच्याच गावावरून पुढे गेला आणि कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. हैदराबाद एफसी २०२२ ला विजेता ठरला, नंतर खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले, आणि २०२५ ला तो संघ दिल्लीचा झाला. विम्बल्डनचं एकदा झालं ते आपल्याकडे सहा वर्षांत दोनदा झालं, आणि निषेधाचा एक फलकही कुठल्या बातमीत ठळक दिसला नाही. हैदराबादच्या चाहत्याला नकार द्यायला कुठलं टेबलच नव्हतं. २०२५ मध्ये तर आयएसएलच्या व्यापारी कराराचाच घोळ झाला, हंगाम कित्येक महिने लटकला आणि २०२६ च्या फेब्रुवारीत कसाबसा, आखडता सुरू झाला. त्या चर्चेत भारतीय फुटबॉल महासंघ होता, लीग चालवणारी कंपनी होती, क्लबमालक होते, सर्वोच्च न्यायालय होतं. प्रेक्षक कुणाच्याच बाजूनं बसलेला नव्हता.

चार तासांवरच्या कोल्हापुरात मात्र पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. तालमीचा संघ दिल्लीला नेता येईल का, असा प्रश्न तिथं विचारून बघावा, आपापल्या जबाबदारीवर. त्या संघांना पैसा कमी पडतो, भांडणं होतात, कधी सामना थांबवावा लागतो. पण पेठ विकायला काढलेली नाही.

भारतीय लीगची घडी आता नव्यानं बसवावी लागणार आहे. क्लबांना परवाना देताना प्रशिक्षकांची पात्रता, युवा संघ, मैदानावरचे दिवे या सगळ्याची तपासणी महासंघ करतोच. त्याच परवान्यात दोन कलमं घालायला नवा कायदा लागत नाही: नोंदणीकृत चाहता-सभासदांच्या बहुमताशिवाय शहर, नाव आणि रंग बदलता येणार नाहीत, आणि दरवर्षीचा ताळेबंद त्या सभासदांपुढे ठेवावा लागेल. तो वाचायला बसणारी माणसं मिळतील का, ही शंका मला आहे. आमच्या जिल्ह्यात राहून ती नसती तर नवल. तरी महासंघाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक निवेदनात आधी ही दोन कलमं यावीत, खेळाडूंच्या खरेदीवरचा राग त्यानंतर.